मले आणि मला

"स्वतःच्या डोक्यातलं काहीही सांगायचं नाही," शेखर सर म्हणाले. "कार्डावर आहे तेवढंच. आणि शुद्ध भाषेत."

"हो सर. मले..." मायाने जीभ चावली. "मला समजलं."

सर पुण्याचे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी ऐकलं होतं. माया स्वतःवरच चिडली. घरी आई गॅस एजन्सीला फोन लावायची तेव्हा तिचं असंच व्हायचं. एका वाक्यात मला, पुढच्यात मले. माया तिला त्यावरून चिडवायची.

बडनेरा रोडवरचं हे ऑफिस फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीचं होतं. शेतकऱ्यांचे फोन घ्यायला अर्धवेळ माणूस हवा होता. माया विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. एका ट्यूशन क्लासने आणि एका मेडिकल दुकानाने तिला आधीच नाही म्हटलं होतं. हेही काम गेलं तर अमरावतीची खोली सोडून हिवरखेडला परत यायचं, असं घरी ठरलं होतं. मग प्रोजेक्ट राहिलाच. प्रयोगशाळा काही हिवरखेडला नेता येत नव्हती.

सरांनी परीक्षेची पद्धत समजावली. सगळे जेवायला गेले होते, तेवढ्या वेळात तिने एका रिकाम्या खुर्चीवर बसून फोन घ्यायचा. वरच्या मजल्यावरून प्राजक्ता मॅडम शेतकरीण बनून बोलणार होत्या. मॅडम अकोल्याच्या, नाटकात कामं केलेल्या. त्या रडतील, भांडतील, काहीही विचारतील. आधी आलेल्या मुलाने कळवळून त्यांना सल्ला दिला आणि तिथेच बाद झाला. असल्याच एका सल्ल्यावरून कंपनीला पूर्वी नोटीस आली होती.

"त्या नाटक करताहेत असं वाटत नाही," सर जिन्याकडे जाता जाता म्हणाले. "सांभाळा."

मायाने हेडफोन लावला आणि कार्ड पुन्हा वाचलं. नाव, गाव आणि बॅच नंबर विचारून घ्यायचा. तब्येतीची तक्रार असेल तर डॉक्टरकडे जायला सांगायचं. बाकी काही बोलायचं नाही.

फोन वाजला.

"हॅलो, मॅडम, माह्या पोरीनं औषध पेलं." बाईला धाप लागली होती. "थंड्याच्या बाटलीत ओतून ठेवेल होतं. तिले वाटलं शरबत."

माया खुर्चीतून अर्धी उठली. मग तिला वरच्या मजल्यावरच्या मॅडम आठवल्या. खरंच भारी होत्या.

"आपलं नाव आणि गाव सांगता का?"

बाईने माणिकबाई असं नाव सांगितलं. तेल्हाऱ्याकडचं कुठलंसं खेडं सांगितलं. मायाच्या अर्जातही तेल्हारा तालुकाच लिहिलेला होता. मॅडमनी तो वाचलेला दिसत होता.

बाई बोलत राहिली. नवरा बाहेरगावी गेलेला, आसपासच्या वावरात कोणी नाही, अँब्युलन्सचा नंबर लागत नाही. डब्यावर हा नंबर दिसला म्हणून लावला.

"मला सांगा मॅडम, मी काय करू? मले काही समजून नाही राहिलं."

माया सावध झाली. आधी मला, लगेच मले. घाबरलेला माणूस घरची भाषा बोलतो, त्यात 'मला' कुठून येईल? मॅडमची जीभ घसरली होती. प्रयोगातलं वाचन पुन्हा घेऊन बघावं तसं तिने पुढचं वाक्य कान देऊन ऐकलं. त्यातही एक 'मला' आलं. निरीक्षण पक्कं झालं आणि ती खुर्चीत नीट टेकून बसली.

"डब्यावरचा बॅच नंबर सांगता का?"

पावलं वाजली. पत्रा खडखडला. बाई एकेक आकडा चाचपडत वाचू लागली. मागे एक लहान मूल खोकत होतं. मोबाइलवर काहीतरी लावून ठेवलं असेल, असं मायाला वाटलं.

"मॅडम, तिच्या तोंडाले रॉकेलावानी वास येऊन राहिला. मीठ-पानी पाजून ओकवू का?"

मायाला उत्तर माहीत होतं. तसा वास येत असेल तर त्या औषधातलं द्रावक रॉकेलच्याच जातीचं. ओकताना ते फुप्फुसात उतरतं. काही झालं तरी ओकवायचं नसतं. वाक्य जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. सापळा हाच होता. आधीचा मुलगा इथेच फसला असणार.

"त्याबाबत मी माहिती देऊ शकत नाही. कृपया डॉक्टरकडे जा."

"कशी जाऊ माय? तू नुसतं हो म्हन, नाही तं नाही म्हन."

"त्याबाबत मी माहिती देऊ शकत नाही."

 पलीकडचा खोकला थांबला होता.

"बरं," बाई हळूच म्हणाली. "पाजून पायते." फोन बंद झाला.

मायाने तळहात ओढणीला पुसले. ती कुठेही अडखळली नव्हती. तिच्या तोंडून एकदाही 'मले' निघालं नव्हतं. खोली आता सुटत नाही, एवढं तिला कळत होतं.

जिन्यावरून शेखर सर घाईने खाली आले.

"माफ करा, उगाच बसवून ठेवलं. प्राजक्ता मॅडम आत्ता जेवून वर आल्या. आता लावतील फोन. तयार?"

 फोन वाजला. सरांनी घ्या म्हणून खूण केली.

"काहो मॅडम," ठसक्यात आवाज आला, "तुमच्या डब्याचं झाकन फुटेल निघालं. मले दुसरा डबा पायजे. तुमी मले कावून फिरवून राहिल्या?"

मॅडम बोलत राहिल्या. सगळीकडे मले. एकदाही मला नाही.