दगड जळला

हा एक दगड वर्तुळात थांबला, की वर्ना कोझाकला क्लबच्या फळीवर नाव मिळणार होतं, रेजायनाच्या स्पर्धेची वारी मिळणार होती, आणि समोरच्या संघाची कप्तान डोरीन लिंडक्विस्ट, तिच्या तोंडाला पुढच्या हिवाळ्यापर्यंत कुलूप. कुलुपासाठी तर ती अनवाणी खेळली असती.

बर्फावरून दगड सरकवायच्या कर्लिंगचा अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटचा दगड. तो वर्नाच्या नवऱ्याने, पीटने, बर्फावरून सोडला होता. वर्ना दगडापुढे ब्रशने जीव खाऊन बर्फ घासत चालली होती. दगड डोरीनच्या दगडाला बाजूला सारून मधोमध थांबला. काचेमागे टाळ्या पडल्या.

पण थांबण्याआधी वर्नाच्या ब्रशची कड दगडाला निसटती लागली होती. कुणी पाहिलं नव्हतं. कर्लिंगमध्ये ब्रश लागलेला दगड 'जळला', म्हणजे बाद; आणि ज्याचा ब्रश लागतो त्यानेच ते बोलायचं असतं. आणि वर्ना तर चाळीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' म्हणाली नव्हती; सूप खारट झालं तर दोष पीटच्या जिभेचा.

"जळला," ती म्हणाली.

"ए बाई, गप!" पीट कुजबुजला.

"माझा ब्रश लागलाय. दगड जळला म्हणजे जळला."

तिनेच तो पायाने बाहेर ढकलला, डोरीनचा दगड वर्तुळात होता तिथे परत ठेवला, म्हणजे गुण डोरीनचा, हातमोजा काढला आणि उघडा हात पुढे केला. हार मान्य.

नंतर जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं, असा रिवाज. डोरीनने दोन व्हिस्की मागवल्या. आपला ग्लास मात्र तिने बाजूला सरकवला.

"वर्ना, चौथ्या डावात माझाही ब्रश लागला होता गं."

"आणि त्या डावाचे दोन गुण घेतलेस?"

"घेतले. तुला सांगितलं ना आता?"

"मला कशाला सांगतेस? मी काय पाद्री आहे? गुणपत्रक सेक्रेटरीकडे आहे."

 डोरीन उठली. सेक्रेटरीच्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, आणि गुणपत्रकावरची आपली विजेत्याची सही आडव्या रेघेने खोडली. 

परत येऊन तिने ग्लास एका दमात रिकामा केला.

"झालं तुझ्या मनासारखं? जिंकलीस?"

"जिंकले."

"मग काढ पाकीट."

वर्नाने दोघींचे पैसे भरले. डोरीनने लगेच आणखी एक मागवली. डबल.