झोक्याचा दोर

२०२२ सालची गोष्ट. जळगावातल्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत कोकिळाअक्कांनी लावलेला कडुनिंब होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला त्यांची लेक दिपमाला माहेरी येऊन त्यालाच झोका बांधायची. त्या संक्रांतीला नगरसेवकपदाचे इच्छुक प्रेमराजभाऊ तिळगूळ आणि कागद घेऊन आले. “अक्का, इथे ऑक्सिजन पार्क करू. बठ्ठ्या कॉलनीला, सगळ्यांनाच चांगली हवा.” अक्कांनी पहिली सही केली, दारोदार फिरून चाळीस सह्या आणल्या. आखाजीला दिपमाला दोर खांद्यावर टाकून झाडाकडे गेली आणि तशीच परतली. कडुनिंब तोडून तिथे पार्कची कमान आणि फरशी बसवली होती. “झाड कमानीच्या आड येत होतं,” भाऊ म्हणाले. “सह्या तर तुम्हीच आणल्या, अक्का.” पुढे भाऊ निवडून आले. दिपमाला आखाजीला येईनाशी झाली. अक्कांना दम्याने जिना चढवत नाही. झोक्याच्या त्या दोरावर आता वाळत घातलेले कपडे काढेपर्यंत धुळीने काळवंडतात.