मूळ कल्पना

“बाबा, अजूनही सांगतो, परत चला,” हॉटेलच्या दारातच अमोल म्हणाला. “तिच्यापाशी दहा वकील असतीन. आपल्यापाशी काय आहे?”

“दिवाळी अंक आहे,” नानाजी रेवतकर म्हणाले आणि काखेतली पिशवी आणखी घट्ट धरून आत शिरले.

पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, पण गेल्या चार महिन्यांत त्यांनी तरण्याताठ्यालाही दमवलं असतं. काटोलहून नागपूरला एसटीच्या सोळा खेपा झाल्या. दोन वकिलांनी हात वर केले. एका वर्तमानपत्रानं बातमी छापतो म्हणून कबूल केलं आणि छापली नाही. मुंबईला निर्मात्याच्या ऑफिसात नऊ पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. दहावं पत्र त्यांनी थेट दिग्दर्शिकेच्या नावानं धाडलं. आठ दिवसांत तिच्याकडून निरोप आला. पुढच्या बुधवारी मी नागपुरात आहे, भेटू.

अमोल नागपुरातच, गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला होता. बापाला एकटं सोडवेना म्हणून त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती.

भांडण होतं ते ‘आकाशबाग’ या सिनेमाचं. गेल्या वर्षी साऱ्या देशानं तो डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेलं भलंमोठं यान, त्यात संत्र्याची बाग, आणि त्या बागेला वीस वर्षांत एक फूल नाही. पाणी, खत, उजेड, सगळं वेळच्या वेळी; तरी झाडं मुकी. मग एक चौदा वर्षांची मुलगी साऱ्यांशी भांडून बागेचं पाणी तोडते. पानं सुकतात, माणसं तिला कोंडून घालतात, आणि शेवटी पाणी सोडल्यावर अख्खं यान फुलांच्या वासानं भरून जातं.

समीक्षकांनी लिहिलं होतं की अंतराळयानं काय आणि लढाया काय, त्या जुन्या परदेशी सिनेमांना दिलेली मानवंदना आहे. पण ते पाणी तोडणं मात्र अस्सल, कुठूनही न घेतलेलं.

हेच वाक्य नानाजींना झोंबलं. बहर धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, हे काटोलात शेंबडं पोरही सांगेल. पण तो ताण उचलून अंतराळात नेला होता तो त्यांनी. १९९९ च्या दिवाळी अंकात, ‘ताण’ नावाच्या कथेत. जन्मभर काटोलच्याच शाळेत मराठी शिकवलं, लिहिलंही पुष्कळ. लोकांनी नावाजली ती तेवढी एकच कथा. आजही लग्नाकार्यात कोणी ना कोणी तिची आठवण काढायचा.

खोलीचं दार स्वतः दिग्दर्शिकेनंच, सोनिका आर्यनं, उघडलं. चाळिशीची बाई, आखूड केस, जाड काचांचा चष्मा. खोलीत वकील सोडाच, दुसरं कोणीच नव्हतं.

“या सर, बसा,” ती मराठीत म्हणाली. नानाजींनी बसमध्ये घोकलेली हिंदी वाक्यं घशातच राहिली.

त्यांनी अंक काढून टेबलावर ठेवला. तिनं तो उघडला नाही.

“वाचली आहे मी ही कथा.”

“कधी?”

“छापून आली तेव्हाच.”

अमोल खुर्चीत ताठ झाला. “म्हणजे कबूल आहे तुम्हाले?”

“माझा सिनेमा आणि ही कथा एकच आहे, एवढं कबूल आहे. मुलगी, पाणी, शेवटचा वास. काहीच वेगळं नाही.”

नानाजी तयारी करून आले होते ती नकाराची.

“सर, मी याला मानवंदना म्हणाले तर?” तिनंच विचारलं.

“मानवंदना नाव घेऊन देतात बाई!” त्यांचा आवाज चढला आणि शाळेतली मराठी सुटून गावची बोली तोंडी आली. “नाव गाळून घेतलं का त्याले चोरीच म्हणतात. पंचवीस वर्षं झाली म्हणून वस्तू घेणाऱ्याची होत नाही. मले पैसा नाही पाहिजे. सिनेमाच्या सुरुवातीले पाटी पाहिजे, मूळ कल्पना कोणाची ते सांगणारी.”

“मला पटतं ते,” ती शांतपणे म्हणाली. “मोठा सिनेमा दहा ठिकाणांहून घेतो. पण जिथून त्याला प्राण मिळाला, ते नाव यायलाच हवं.” मग तिनं विचारलं, “तुम्हाला कशी सुचली, सर?”

“सुचली. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका बैठकीत लिहून झाली. कुठं अडलोच नाही.” आणि त्यांना खरोखर तसंच आठवत होतं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. काहीतरी तपासून पाहावं तसं ती बघत होती.

“पाटीवर नाव कसं लिहू? नुसतं आडनाव?”

“पूर्ण लिहा. गावासकट. आणि जसं असेल तसंच, एक अक्षर इकडचं तिकडं नको.”

अमोलनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला बापाचा अभिमान वाटला.

सोनिका उठली. कपाटातल्या बॅगेतून तिनं खाकी कव्हराची एक जुनी वही आणली आणि दोन्ही हातांनी नानाजींपुढे धरली.

“मग हेच नाव पाठवते. सिनेमात आल्यावर मी नाव बदललं, त्याआधीचं आहे. शुद्धलेखन एकदा तुम्हीच बघा.”

कव्हरवर शाळेचं नाव होतं, काटोल होतं, आणि खाली गोल अक्षरात लिहिलं होतं, कु. पिंकी दौलत ढोके, इयत्ता नववी ब. खूण घातलेलं पान नानाजींनी उघडलं. ऑगस्ट १९९८. निबंध: मी अंतराळवीर झाले तर. ते वाचत गेले. यान, बाग, मुलगी, तोडलेलं पाणी. चौथं पान संपलं, तिथं लाल शाईत, त्यांच्याच तिरप्या अक्षरात, त्यांच्याच सहीखाली शेरा होता, ‘कल्पना स्वतःची वाटत नाही. कुठून उतरवली? दहापैकी तीन.’