चार तासांचं चार्जिंग

डोंगर चढणारी विजेची मोटारसायकल शिरूरजवळच्या माळावर बॅटरी संपून थांबली, तेव्हा कंपनीच्या चाचणीला निघालेल्या अनुपमानं ती माळाकडेला एकट्यानं राहणाऱ्या आप्पांच्या ओसरीपर्यंत ढकलत आणली. “आप्पा, चार्जिंगला लावू? चार तास लागतील.” “लाव पोरी,” आप्पा म्हणाले. सोमवारपासून ते फक्त म्हशीशी बोलले होते. तीही हल्ली मान फिरवायची. “इकडं खपेल का ही गाडी?” तिनं कंपनीचा प्रश्न विचारला. “पेट्रोलवाले दोन मिनिटांत जात्यात. ही बरी.” साडेतीन तासांत पोराची सणसवाडीतली खोली, बायकोचं शेवटचं दुखणं, सगळं सांगून झालं. “अर्धा तास राहिला,” ती म्हणाली. आप्पा पाणी आणायला आत गेले. खट्ट झालं आणि चार्जरचा दिवा विझला. “लाईट गेली,” आप्पा दारातून म्हणाले. ओसरीवरचा पंखा मात्र फिरतच होता. दोघांनी वर पाहिलं. “कधी येईल?” अनुपमानं विचारलं. “पिठलं शिजलं की.”