मुकी वेबसाइट

कंपनीच्या खरेदीच्या ॲपवर घरातल्या कुणी काहीही मागवलं, की त्या घरातले सगळे फोन ते मोठ्यानं सांगत. ही कल्पना केतकीचीच. कंपनीची जुनी वेबसाइट मात्र मुकी होती. आज ती बंद करायची होती.

“एकच गिऱ्हाईक उरलंय,” सहकारी म्हणाला. “दर महिन्याला वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून मागवतं. ॲपचं वावडं दिसतंय!”

“जाऊ दे त्याची ऑर्डर ॲपवर,” केतकीनं हसत बटण दाबलं आणि मग नाव पाहिलं. दिगंबर खांबेटे. तिचे सासरे, नाना.

रात्री जेवताना चारही फोन एकदम बोलले, “नानांचे डायपर उद्या येतील!”

नानांनी ताटातून मान वर केली नाही. “केतकी, याचा आवाज कुठून कमी करतात गं?”

ती सोय तिनंच काढून टाकली होती.