ओचोलाची गादी

एक सर आली तरी वाळत घातलेली ओमेना मासळी कुजते, म्हणून सरोवराकाठच्या बायकांना मोबाइलवर हवामानाचा अंदाज हवा होता. दोन कंपन्यांचे दोन एजंट आले. दोघेही म्हणाले, "आमचा अंदाज सगळ्यात खरा."

त्या बायकांपैकी अकेयोला एकच कुतूहल होतं. "चुकला तर आमची मासळी कुजणार. तुमचं काय भिजणार?"

पहिला एजंट कंपनीचं माहितीपत्रक वाचायला लागला. दुसरा, गावातच खोली घेऊन राहणारा ओचोला, म्हणाला, "मी रोज माझी गादी तुमच्या मासळीशेजारी उन्हात टाकीन, मावशी."

सगळ्यांनी वर्गणी भरून ओचोलाचीच सेवा घेतली. गादीला मासळीचा वास लागला, पण मासळी मात्र कडक वाळू लागली.

एका सकाळी संदेश आला, 'दिवसभर लख्ख ऊन.' अकेयोने जाळं अंथरलं, मासळी ओतली आणि शेजारी पाहिलं. गादी नव्हती.

तिने ओचोलाचं दार वाजवलं. "काय रे, आज अंदाजावर भरवसा नाही वाटतं?"

"अंदाज कंपनीचा आहे, मावशी," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "गादी माझी आहे."

अकेयो धावतच परतली. "उचला गं मासळी! आणि वर्गणी कुणी बंद करू नका, नाहीतर ओचोला गादी घेऊन निघून जाईल."