एक पाचर जास्त

पियानो सुरात लावायचं काम संपलं होतं. ट्यूनरकाकांना बॅग भरायची तेवढी राहिली होती. बॅग भरताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे, पण हे घरच्या बाईंना कोण सांगणार!

"संध्याकाळी टेम्पो येतोय," बाई म्हणाल्या. "घेणाऱ्यांची अट होती, सुरात लावून द्या म्हणून. नाहीतर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

"विकताय?" तारा पिळायची चावी फडक्यात गुंडाळता गुंडाळता काका थांबले. सहा महिन्यांपूर्वी ते आले होते, तेव्हा या घरची लेक, चिमणी, पियानोपुढच्या स्टुलावरून उठायला तयार नव्हती.

"काय करणार, काका? तिच्या बोटात जोरच नाही. हे करंगळीशेजारचं. बाकी सगळं छान वाजवते आणि एका सुराशी आली की बोट ढेपाळतं. तिच्या टीचर फोनवरून शिकवतात, त्यांनाही तिकडे कळायचं. मग रबरी चेंडू दाबून झाला, तेल चोळून झालं. पोरगी म्हणे, आई, पियानोच तसा वाजतो. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी तिनंच सोडलं. आता झाकणसुद्धा उघडत नाही."

काकांनी मान डोलावली. अशी गाऱ्हाणी त्यांनी घरोघरी ऐकली होती. दोष बोटांचा असतो नाहीतर आळसाचा, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी लावलेल्या पियानोचा तर नसतोच नसतो.

नादकाटा खणात गेला, फेल्टचा पट्टा गुंडाळून झाला. राहिल्या पाचरी. एका सुराला तीन तारा. एक जुळवताना बाकीच्या दोघींची तोंडं बंद ठेवायला मध्ये रबराची पाचर खुपसायची. काकूंनी त्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवून दिली होती, प्रत्येक पाचरीला आपला कप्पा. कप्पे भरले की निघायचं, मोजदादीची भानगड नाही.

कप्पे भरले. हातात एक पाचर उरली.

काकांनी ती उलटून पाहिली. डोक्यावर बारीक खाच होती, त्यांनी स्वतः पाडलेली. मध्यंतरी एक पाचर हरवली होती. बसमध्ये पडली असेल म्हणून त्यांनी नवी आणून कप्पा भरला होता. ती बसमध्ये पडलीच नव्हती. इथे होती, दोन तारांच्या मध्ये, गेले सहा महिने. आज इतर पाचरींबरोबर सवयीनं तीही उपटली गेली आणि हाताला कळलंसुद्धा नाही.

काकांनी भरलेली पिशवी खाली ठेवली.

"कोणता सूर?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? चिमणे, इकडे ये जरा!"

चिमणी दारात आली, हात पाठीमागे.

"बाळा, तो तुझा अडणारा सूर दाखव."

"मी नाही वाजवत आता."

"नको वाजवूस. नुसती पट्टी दाब. त्याच बोटानं."

तिनं आईकडे पाहिलं. मग पुढे येऊन, विस्तवाला हात लावावा तसं, बोट टेकवलं आणि दाबलं.

सूर खणखणीत वाजला. खोलीभर घुमला.

"अगं बाई!" आई उठूनच उभी राहिली. "आज कसा गं वाजला?"

काकांनी तळहात पुढे केला. "ही माझी. मागच्या खेपेला आत राहिली, त्या तारांचा गळा दाबून. बाळा, तुझ्या बोटाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं."

आई पाचरीकडे बघत राहिली, मग लेकीकडे. मग घाईघाईनं फोन शोधू लागली. "थांबा, टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवते. चिमणे, तू अजिबात काळजी करू नकोस हं, आत्ताच्या आत्ता कळवते."

चिमणी आपलं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती.

"मी सांगितलं होतं, आई," ती म्हणाली.

तिनं पियानोचं झाकण हळूच खाली ओढलं. "येऊ दे त्याला."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतल्या भिंतीवर रबरी चेंडू आपटू लागला. एकसारखा, जोरात.